गावचा रस्ता मंजूर कसा होतो? जुन्नर-आंबेगावच्या उदाहरणातून समजून घ्या

पावसाळा सरला की जुन्नर आणि आंबेगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक खड्ड्यांचे, दुसरे भूमिपूजनाचे. भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘२५१५ अंतर्गत इतके लाख मंजूर’ किंवा ‘५०५४ मधून अमुक रस्त्याचे डांबरीकरण’. आणि खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न असतो, ‘आमचा रस्ता कधी?’

रस्ता किती खराब आहे यावर पैसे मिळतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सरकारी कागदावर तो रस्ता कोणाचा आहे आणि कोणत्या खात्यात बसतो, यावर बरंच काही ठरतं. तेवढं समजलं, तर ‘कधी?’ हा प्रश्न नेमका कोणाला विचारायचा हेही समजतं.

पहिला प्रश्न : रस्ता कोणाचा?

महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. कागदपत्रांत यातल्या शेवटच्या तिघांना प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा असं लिहितात आणि पुढे क्रमांक असतो.

राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. मंचर, नारायणगाव, आळेफाटा असा जाणारा पुणे-नाशिक महामार्ग (क्रमांक ६०) आणि माळशेज घाटातून ओतूरवरून आळेफाट्याला येणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग (क्रमांक ६१) ही आपल्या भागातली मोठी उदाहरणं. राज्य महामार्ग आणि प्रजिमा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, म्हणजे पीडब्ल्यूडीकडे असतात. इजिमा आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातले गल्लीबोळ ग्रामपंचायतीचे. जुन्नर शहरातले रस्ते नगरपरिषदेचे, तर मंचरमधले नगरपंचायतीचे.

म्हणून एकाच प्रवासात तुम्ही तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून जाता. महामार्ग गुळगुळीत आणि फाट्यावरून आत वळलं की खडखडाट, याचं एक मोठं कारण हेच. दोन्हीकडचा पैसा वेगळ्या तिजोरीतून येतो.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत येत नाहीत. त्यामुळे पुण्याजवळच्या गावांना मिळणारा त्या प्राधिकरणाचा रस्ते-निधी इथे नाही. इथली बहुतेक भिस्त जिल्हा आणि राज्याच्या पैशांवर आहे.

फ्लेक्सवरचे आकडे काय सांगतात?

२५१५, ३०५४, ५०५४ हे सरकारी अर्थसंकल्पातले लेखाशीर्ष आहेत. घरात आपण किराणा, औषधं, शाळेची फी असे वेगळे डबे ठेवतो, तसाच हा प्रकार. एका डब्यातला पैसा दुसऱ्याला सहजी वापरता येत नाही.

- ३०५४ : रस्ते आणि पुलांची देखभाल-दुरुस्ती.
- ५०५४ : रस्ते आणि पुलांवरचा भांडवली खर्च. म्हणजे नवीन काम, रुंदीकरण, मजबुतीकरण, पूल.
- २५१५ : ग्रामविकास विभागाचं शीर्ष. गावातल्या मूलभूत सुविधांची कामं, म्हणजे अंतर्गत काँक्रीट रस्ता, सभामंडप, गटार. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं यात मोठ्या प्रमाणावर असतात.

फ्लेक्सवर २५१५ आणि ५०५४ नेहमी दिसतात, ३०५४ क्वचितच. खड्डे बुजवण्याचं भूमिपूजन कोणी करत नाही. नवीन कामाला नाव लागतं, दुरुस्तीला लागत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी मागे लागणारेही कमीच असतात. रस्ता वेळेवर दुरुस्त झाला नाही की तो पूर्ण उखडतो आणि मग त्याच रस्त्यासाठी ५०५४ मधून कितीतरी जास्त पैसे लागतात.

आपल्याकडे हे लवकर घडतं. आंबेगावात भीमाशंकर आणि जुन्नरमध्ये विघ्नहर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर-ट्रेलर आणि ट्रक गावरस्त्यांवरून जातात, तेही पावसाळ्यात रस्ता आधीच मऊ झाल्यावर काही आठवड्यांत. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला ग्रामीण मार्ग हा भार फार वर्षं सोसत नाही.

पैसे येतात कुठून?

एका गावरस्त्यासाठी साधारणपणे हे दरवाजे असतात :

- जिल्हा वार्षिक योजना. राज्य सरकार दरवर्षी जिल्ह्याला निधी देतं आणि जिल्हा नियोजन समिती तो वाटते. याचे तीन भाग आहेत : सर्वसाधारण, अनुसूचित जातींसाठीचा आणि आदिवासींसाठीचा.
- राज्याचा अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या. पीडब्ल्यूडीचे मोठे रस्ते इथून येतात. पुलांसाठी अनेकदा नाबार्डकडून कर्ज घेतलं जातं.
- आमदार निधी. २०२२ पासून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन वेगळे विधानसभा मतदारसंघ आहेत.
- खासदार निधी. हाही वर्षाला ५ कोटी, पण दोन्ही तालुके शिरूर लोकसभेत येतात, म्हणजे तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटला जातो.
- वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना मिळालेल्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता. रस्त्यासाठी उरलेल्या ४० टक्क्यांतूनच मागणी करता येत होती.
- ग्रामसडक योजना. केंद्राची पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० सालापासून सुरू आहे. आता त्यात ६० टक्के खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे.
- पाणंद रस्ते. शेताकडे जाणाऱ्या वाटांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली.

जुन्नर नगरपरिषद किंवा मंचर नगरपंचायतीला यातले ग्रामीण दरवाजे बंद असतात. त्यांना नगरोत्थान आणि नगरविकास विभागाच्या रस्ते-अनुदानाकडे जावं लागतं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गावाचं फक्त नाव बदलत नाही, निधीचा रस्ताही बदलतो.

नंबर कोण लावतं?

कामं निवडण्याच्या दोन पद्धती आहेत. एक गुणांची, दुसरी शिफारशीची.

पंतप्रधान ग्रामसडक योजना गुणांच्या आणि नियमांच्या बाजूला झुकते. सुरुवातीला निकष लोकसंख्येचा होता : सपाट भागात ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागात २५० वस्ती असलेल्या, रस्ता नसलेल्या ठिकाणांना आधी. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात बाजार, उच्च माध्यमिक शाळा आणि दवाखान्याकडे नेणाऱ्या रस्त्यांना प्राधान्य दिलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात पुन्हा न जोडलेल्या २५,००० वस्त्या जोडण्याचं देशभराचं लक्ष्य आहे आणि मोजणी २०११ च्या जनगणनेवर आहे.

बाकीच्या बहुतेक शीर्षांत शिफारस चालते. गावाचा ठराव, त्यावर लोकप्रतिनिधीचं पत्र, मग यादी. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. कायद्याप्रमाणे समितीचे पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. पण मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासक होता. त्या काळात गावरस्त्याची बाजू मांडणारा गटाचा सदस्यच नव्हता. आमदार आणि पालकमंत्र्यांच्या पत्राचं वजन साहजिकच वाढलं.

मंजूर झालं, मग काम का दिसत नाही?

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. आधी प्रशासकीय मान्यता मिळते, मग सविस्तर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. ‘मंजूर’चा फ्लेक्स बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर लागतो.

दुसरी अडचण दायित्वाची. मागच्या वर्षी मंजूर केलेल्या अपुऱ्या कामांची बिलं म्हणजे दायित्व. जिल्हा परिषदेत नव्या निधीतून ते आधी वजा होतं आणि उरलेल्या रकमेच्या दीडपट नवीन कामं घेतली जातात. समजा, एका शीर्षात ३ कोटी आले आणि दायित्व २ कोटींचं आहे. उरले १ कोटी. त्यावर दीड कोटींची कामं मंजूर होतील. म्हणजे ५० लाखांचं ओझं पुढच्या वर्षाच्या डोक्यावर आधीच बसलं. हे वर्षानुवर्षं चाललं की नव्या रस्त्याला जागाच उरत नाही.

खरी परीक्षा पश्चिम पट्ट्याची

महामार्गाच्या कडेची गावं आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या, यांची तुलना केली की या पद्धतीची मर्यादा दिसते. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वस्त्या डोंगरभर विखुरलेल्या आहेत. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावला आहे. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणजे इथे पूर्वेपेक्षा एक-दोन दरवाजे जास्तच आहेत.

तरीही वाड्या मागे राहतात. एकेका वाडीची लोकसंख्या कमी, म्हणून २५० चा आकडा गाठत नाही. वाडीची पायवाट रस्ते विकास आराखड्यात ग्रामीण मार्ग म्हणून नोंदलेलीच नसते आणि क्रमांक नसलेल्या वाटेला ५०५४ मधून डांबर मिळत नाही. त्यात अनेक वाटा वनजमिनीतून जातात, काही भीमाशंकर अभयारण्यातून.

यावर कायद्यात एक वाट आहे, पण ती फार कमी जणांना माहीत असते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना अशा सुविधांसाठी प्रत्येक कामामागे १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक. म्हणजे अशा कामात पहिली सही गावाची असते.

या रस्त्यांचं मोल काय, हे आंबेगावाने पाहिलं आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं आणि १५१ जणांचा जीव गेला. गाव जागेवर नाही, हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते त्या मार्गावरच्या एसटी चालकाच्या. त्यानेच बाहेर कळवलं. डोंगरातल्या गावासाठी एसटी आणि तिच्या खालचा रस्ता हाच बाहेरच्या जगाशी असलेला धागा असतो.

मोठ्या प्रकल्पांचं गणित वेगळं

मोठ्या कामांत पैशापेक्षा जमीन आणि आखणी जास्त अडवते. पुणे-नाशिक महामार्गाच्या चौपदरीकरणात मोकळ्या रानातला रस्ता आधी झाला, मंचर आणि नारायणगावची बाह्यवळणं मागे राहिली. टोल चाळकवाडीला, कोंडी गावात, असा अनुभव लोकांनी घेतला.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचंही तसंच. महारेलने आखलेला सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग नारायणगाववरून होता. पण जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल, असा आक्षेप आला. रेल्वे मंत्रालयाने त्या आखणीऐवजी अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आणला. जुन्नर-आंबेगावची मागणी मूळ मार्गाचीच राहिली आहे.

मग तुम्ही काय करू शकता?

१. ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर पहिली मागणी डांबराची नको, नोंदीची करा.

२. ग्रामसभेत ठराव घ्या आणि गावाच्या विकास आराखड्यात काम नोंदवा. आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं. मार्चमध्ये मागणी केली तर वर्ष हातचं गेलेलं असतं.

३. ग्रामपंचायतीने पैसे कशावर खर्च केले ते ई-ग्रामस्वराज ॲपवर दिसतं. पंतप्रधान ग्रामसडकच्या रस्त्याची तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह करता येते.

४. रस्ता नवीन असेल तर दोषदायित्व कालावधी विचारा. पंतप्रधान ग्रामसडकमध्ये ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. त्या काळातल्या खड्ड्यांसाठी नव्या मंजुरीची गरज नसते.

५. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर तीन गोष्टी मागा : प्रशासकीय मान्यतेची तारीख, लेखाशीर्ष आणि कार्यारंभ आदेश. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

पुढच्या वेळी ग्रुपवर भूमिपूजनाचा फोटो आला, तर ‘अभिनंदन’ लिहिण्याआधी फ्लेक्सवरचा आकडा वाचा आणि कार्यारंभ आदेश निघालाय का, एवढं विचारा.