मूठ: हाताची आणि पिस्तुलाची

  आजचा विषय जरा वेगळा आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात त्या पिस्तुलाची मूठ. ती काढता येते, बदलता येते, आणि तिच्या बदलण्यामागे मोठा इतिहास आहे.

आधी शब्दाकडे बघू. आपण बोटं मिटली की ती मूठ. तलवार जिथे धरतो तीही मूठ. हात आणि हत्यार जिथे भेटतात, त्या जागेला मराठीत हाताचंच नाव आहे. मला हे फार नेमकं वाटतं, कारण स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ शब्दशः हाताचा साचा असते.

आता 1938 सालच्या हंगेरीत जाऊ. कारोय ताकाच हा तिथल्या सैन्यातला सार्जंट. पिस्तुलात देशातल्या पहिल्या फळीतला. पण 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या संघात त्याला घेतलं नव्हतं, कारण संघात फक्त अधिकाऱ्यांना जागा होती आणि हा सार्जंट. पुढे तो नियम सुटला. तेवढ्यात 1938मध्ये सरावात एक हातबाँब त्याच्या उजव्या हातात फुटला. नेम धरायचा हातच गेला.

महिनाभर इस्पितळात काढून तो बाहेर आला आणि गुपचूप डाव्या हाताने सराव करू लागला. 1939मध्ये त्याने हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्ध आलं, 1940 आणि 1944ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. 1948ला लंडनमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूलला उतरला. असं सांगतात की अर्जेंटिनाच्या जगज्जेत्या साएन्स वालिएंतेने त्याला विचारलं, तू इथे कशाला आलास? ताकाच म्हणाला, शिकायला आलोय. त्याने 580 गुणांचा विश्वविक्रम केला. वालिएंते 571वर थांबला. 1952मध्ये हेलसिंकीला ताकाच पुन्हा पहिला आला.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून नेहमी सांगतात, आणि ती आहेच. पण मी तिच्याकडे मुठीच्या बाजूने बघतो. डावा हात म्हणजे उजव्याची आरशातली प्रतिमा. उजव्या हाताच्या घडीव मुठीत अंगठ्याची जागा डावीकडे, तळहाताचा फुगीर भाग उजवीकडे. ती डाव्या हातात बसतच नाही. म्हणजे हात बदलला की मूठही बदलावी लागते. नळी, घोडा, माशी तीच राहते. बदलतो तो माणसाला चिकटणारा भाग.

लष्करी पिस्तुलाची मूठ कोणाच्याही हातात चालेल अशी असते. कारखान्यातून हजारो बाहेर पडायची, कोणत्या शिपायाला कोणती मिळेल सांगता येत नाही. स्पर्धेचं गणित उलटं. तिथे एकच माणूस, एकच हात, आणि दर वेळी पकड अगदी तशीच हवी. 50 मीटर फ्री पिस्तूल या प्रकारात नियम सर्वांत सैल होते, त्यामुळे तिथे मुठी एवढ्या घडीव झाल्या की हात हातमोज्यात घालावा तसा आत जायचा. शेवटी नियमाला सांगावं लागलं की मनगट मोकळं दिसलं पाहिजे, मुठीने त्याला टेकू देता कामा नये. स्पर्धा माणसाच्या स्थिरतेची आहे, सुताराच्या कौशल्याची नव्हे, असा त्याचा अर्थ.

इतर प्रकारांत मर्यादा आणखी कडक. 10 मीटर एअर पिस्तूल मुठीसकट 420 गुणिले 200 गुणिले 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन 1500 ग्रॅमच्या आत. तळहाताखालची फळी थोडी जास्त बाहेर आली तरी तपासणीत पिस्तूल परत येतं. म्हणून मूठ बदलली की आधी त्या पेटीची आठवण ठेवायची.

मूठ बदलायची कशी? पहिलं काम, पिस्तूल रिकामं करणं. मॅगझिन काढायचं, कक्ष उघडून डोळ्यांनी बघायचं, सुरक्षेची रंगीत दोरी घालायची. एअर पिस्तूल असेल तर हवेचं सिलिंडरही काढायचं. बऱ्याच पिस्तुलांत मूठ एकदोन स्क्रूंवर असते. ॲलन चावीने ते सैल केले की मूठ सांगाड्यावरून निघून येते. पण स्क्रू फिरवण्याआधी जुन्या मुठीचा कोन पेन्सिलने खुणावून ठेवावा, नाहीतर आधीची पकड पुन्हा सापडत नाही. नवी मूठ बसवताना फार आवळायचं नाही. आक्रोडाचं लाकूड चिरतं.

मग खरी परीक्षा. डोळे मिटून हात उचलायचा, श्वास स्थिर करायचा, डोळे उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ बरोबर. एका बाजूला सरकलेली दिसली तर मनगटाने ओढून ती मध्ये आणायची नाही, मूठ फिरवायची किंवा घासायची. कुठे कानस, कुठे लाकडाची लांबी. दोनचार दिवस थोडंथोडं. घासलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून घाई नको.

या कामाला किती मान मिळाला याचं एक उदाहरण. चेझारे मोरिनी हे आधी मुठी घडवणारे म्हणून ओळखले जायचे. इतर कंपन्यांच्या पिस्तुलांवर लोक त्यांची मूठ चढवत. नंतर त्यांच्या नावाची पिस्तुलंच स्वित्झर्लंडमधून जगभर गेली. मुठीपासून सुरू झालं आणि पिस्तूल मागून आलं.

आता आपल्याकडे. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून विजय कुमार घडले, 2012ला लंडनमध्ये रॅपिड फायरचं रौप्य घेऊन आले. हा ताकाचचाच प्रकार. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018ला आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. अंतिम फेरीत दोघी 34वर बरोबरीत होत्या, निकाल शूट-ऑफवर लागला. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लीव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, 575 गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली, दोन गुण कमी पडले. पॅरिसला 2024मध्ये तिने दोन कांस्यपदकं घेतली. अशा दोन गुणांच्या खेळात पकडीतला एक मिलिमीटर काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. गावोगावच्या रेंजवर अनेक मुलं-मुली सामायिक पिस्तुलावर शिकतात. त्यावरची मूठ बहुधा उजव्या हाताची, मध्यम मापाची. लहान हाताच्या मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, डावखुऱ्या मुलाचा अंगठा लाकडावर अडतो. गुण कमी येतात आणि निष्कर्ष निघतो की याला जमत नाही. पिस्तूल लाखाच्या घरात जातं, मूठ त्यामानाने स्वस्त. प्रत्येक रेंजवर डाव्या हाताची एक आणि लहान मापाच्या दोन मुठी असतील, तर किती हात टिकतील याचा विचार करा.

ताकाचला डावा हात घडवायला वर्ष लागलं. आपल्याला निदान स्क्रू सैल करायला हरकत नसावी. पुढच्या भागात भेटू.