ग्रे घोस्ट: पिसांच्या माशाची कुळकथा

लांब दांड्याचा गळ. दांड्यावर नारिंगी रेशमाचा पातळ थर आणि त्यावर चपट्या चंदेरी जरीचे तिरके वेढे. पोटाखाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस आणि मोरपिसाचे हिरवट धागे. पाठीवर कोंबड्याची चार लांब करडी पिसं, खांद्याशी चंदेरी फेझंटचं पीस. गालावर एक काळं, आखूड पीस, त्यावर मेणाचा थेंब सांडावा तसा पांढरट-पिवळा ठिपका. हाताच्या बोटाएवढ्या या वस्तूचं नाव ‘ग्रे घोस्ट’. कोरडी असताना ती शोभेची वस्तू वाटते. पाण्यात भिजवून ओढली की पिसं अंगालगत मिटतात, जर चमकते, ठिपक्याचा डोळा होतो आणि एक लहान मासा पळू लागतो.

ट्राउट मासे पकडणाऱ्यांच्या भाषेत ही ‘फ्लाय’, म्हणजे माशी. पण तिच्यात माशीसारखं काहीच नाही. कीटकाच्या नावाने सुरू झालेल्या घराण्यात हा मासा कसा जन्मला, हे समजून घ्यायचं तर आधी मूळ पुरुषापर्यंत जावं लागतं.

इ.स. 200च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मॅसिडोनियातल्या अॅस्ट्रेअस नदीवरच्या कोळ्यांची हकिगत येते. नदीत ठिपकेदार अंगाचे मासे होते आणि ते पाण्यावर उडणारा एक कीटक खात. कोळ्यांनी तो कीटक गळाला लावला नाही. माणसाचा हात लागला की त्याचा रंग उडायचा, पंख चुरगळायचे आणि मासा त्याला तोंड लावायचा नाही. म्हणून त्यांनी गळाला लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधली. काठी सहा फुटांची, दोरही तेवढाच. खरा कीटक वापरता येत नाही म्हणून त्याची नक्कल करायची, या अडचणीतून पहिली माशी जन्मली.

फ्लाय फिशिंगचं सगळं तंत्र माशीच्या हलकेपणाभोवती उभं आहे. पिसाला वजन नसतं, त्यामुळे ते भिरकावता येत नाही. पुढे काठीला चक्री आणि लांब दोर आल्यावर वजन दोरात ठेवलं गेलं. काठी मागे-पुढे झुलवायची, दोर हवेत उलगडू द्यायचा आणि त्याच्या टोकाशी माशी अलगद पाण्यावर टेकवायची. पण कोणती माशी? ते मासा त्या घडीला काय खातो आहे त्यावर ठरतं. त्यामुळे या घराण्याचा इतिहास पंचांगासारखा महिन्यांनी बांधलेला आहे.

1496 साली लंडनजवळ विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या इंग्रजी पुस्तिकेत बारा माश्यांची यादी आहे. ती मार्चमध्ये सुरू होते आणि ऑगस्टमध्ये संपते. 1676 मध्ये चार्ल्स कॉटनने आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध ग्रंथाला दुसरा भाग जोडला आणि डर्बीशरच्या डव्ह नदीच्या अनुभवावरून सुमारे पासष्ट माश्या सांगितल्या. तिथेही शरद आला की लेखणी आखडते. ऑक्टोबरसाठी मार्चच्याच माश्या, नोव्हेंबरसाठी फेब्रुवारीच्याच. कारण उघड आहे. मेफ्लायसारखे कीटक पाण्यात वाढतात आणि वसंत-उन्हाळ्यात पंख फुटून वर येतात. थंडी पडू लागली की हा सोहळा आटोपतो. उरतात ते ‘ऑलिव्ह’ नावाचे बारीक कीटक आणि त्याहून बारीक चिलटं.

मासे मात्र याच काळात सर्वांत जागे असतात. उन्हाळ्यात डोंगरातल्या तळ्यांचं पाणी थरांत विभागलेलं असतं, वर कोमट आणि खाली गार, आणि ट्राउट खोल जाऊन राहतात. शरदात वरचं पाणी निवतं, जड होतं, खाली बसतं. वारा तळं ढवळतो, प्राणवायू सगळीकडे पोचतो आणि ट्राउट उथळ कडेला आणि नदीच्या मुखाशी येतात. ब्राउन ट्राउट आणि ब्रुक ट्राउट यांच्या विणीचा हाच हंगाम. ब्रुक ट्राउटच्या नराचं पोट केशरी होतं, मादी शेपटीने खडी उकरून अंड्यांसाठी खळगा करते. विणीआधी मोठे मासे कीटकांच्या नादी लागत नाहीत, लहान मासे गिळतात. विणीच्या जागेजवळ नर तर भूक नसतानाही समोर येईल त्यावर तुटून पडतो. शरदाच्या या माशाला द्यायला जुन्या पंचांगात काही नव्हतं.

ती उणीव भरून निघाली अमेरिकेच्या ईशान्येला, मेन राज्यातल्या रेंजलीच्या तळ्यांवर. सुमारे 1,500 फूट उंचीवर, जंगलात वसलेली ही तळी प्रचंड ब्रुक ट्राउटसाठी प्रसिद्ध होती. हे मासे एवढे मोठे होत ते ‘ब्लूबॅक’ नावाच्या लहान, निळ्या पाठीच्या माशामुळे. दर ऑक्टोबरला ब्लूबॅकच्या झुंडी विणीसाठी ओढ्यांत शिरत आणि लोक जाळी लावून ते ढिगांनी उपसत. 1870च्या दशकात या तळ्यांत गोड्या पाण्यातले सॅमन सोडण्यात आले आणि शतक संपता संपता त्यांचं खाद्य म्हणून स्मेल्ट हा सडपातळ, चंदेरी मासा. विणीच्या वेळची उपसणूक आणि हे नवे भाडेकरू, दोन्हींचा मार ब्लूबॅकला बसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो रेंजलीतून नाहीसा झाला आणि मोठ्या माशांचं जेवण स्मेल्टवर येऊन ठेपलं.

मासा काय खातो हे बदललं, तेव्हा माशीलाही बदलणं भाग होतं. मेनच्याच ग्रँड लेक स्ट्रीमवर अलोंझो बेकन नावाच्या वाटाड्याने होडीतल्या उशीतली कोंबडीची पिसं गळाला बांधून सॅमन पकडले, अशी कथा सांगतात. रेंजली भागात हर्ब वेल्श लांब दांड्याच्या गळावर लांब पिसं बांधत होता. अशा लांब पिसांच्या माशीला पुढे ‘स्ट्रीमर’ हे नाव मिळालं. त्याला घराण्यात मानाचं पान मिळवून दिलं ते कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी.

कॅरीचे पती वॉलेस हे मासेमारीचे वाटाडे. दोघं रेंजली भागातल्या अपर डॅम इथे राहत. मूसलुकमेगंटिक तळ्याचं पाणी धरणातून खालच्या रिचर्डसन तळ्यात पडतं, ती ही जागा. 1 जुलै 1924 रोजी कॅरीबाईंनी घरकाम अर्ध्यावर सोडलं, स्मेल्टसारखी दिसेल अशी करडी माशी बांधली आणि थेट धरणाखालचा डोह गाठला. तिथे त्यांना 6 पौंड 13 औंसांचा, म्हणजे सुमारे तीन किलोंचा ब्रुक ट्राउट लागला. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं, बातमी पसरली आणि मागण्या येऊ लागल्या. त्या दिवसाच्या माशीतून घडत गेलेलं रूप म्हणजे ग्रे घोस्ट.

त्यांची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. इतर कारागीर गळ शिकंज्यात धरतात. कॅरीबाई तो नुसत्या बोटांत धरत. खांद्याचं पीस, गालाचं पीस आणि पंखाची पिसं त्या आधी एकमेकांना चिकटवून घेत आणि मग दोन्ही बाजूंचे तयार पंख गळाला बांधत. पिसं गळाच्या माथ्यावर ताठ उभी न करता कडेला बसवत, त्यामुळे पाण्यात माशाची कूस भरीव दिसे. डोक्यावरच्या काळ्या दोऱ्यात एक नारिंगी पट्टी असे, तीच त्यांची सही. 1953 पर्यंत त्यांचा हा व्यवसाय चालला.

आता गालावरच्या त्या ठिपक्याकडे वळू, कारण तो आपल्या सह्याद्रीतला आहे. मोर आपला, फेझंट मूळचे चीनकडचे आणि हा डोळा राखी रानकोंबड्याच्या मानेचा. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीच्या रानात पहाटे ज्याची तुटक आरोळी ऐकू येते, तोच हा पक्षी. त्याचं शास्त्रीय नाव ‘गॅलस सोनेराती’, फ्रेंच प्रवासी पिएर सोनेरा याच्यावरून. इंग्रजांच्या राज्यात या पक्ष्याच्या मानेची कातडी विलायतेला गेली, व्हिक्टोरियाच्या काळातल्या सॅमनच्या भरजरी माश्यांत बसली आणि तिथून अटलांटिक ओलांडून मेनला पोचली. त्या ठिपक्यासारखी चमक दुसऱ्या पिसात नाही आणि शिकार करणारा मासा भक्ष्याच्या डोळ्यावर झेप घेतो, असा माशी बांधणाऱ्यांचा विश्वास. त्यासाठी आपल्या रानांतले पक्षी मोठ्या संख्येने मारले गेले. आज भारतात या पक्ष्याची शिकार आणि पिसांचा व्यापार बेकायदा आहे. परदेशातले कारागीर पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं घेतात किंवा रंगवलेली नक्कल वापरतात. मासे नकलेलाही तितक्याच जोमाने लागतात. ज्या कलेचा उगमच नकलेत आहे, तिला हे जड जाण्याचं कारण नाही.

ग्रे घोस्टनंतर स्ट्रीमरचा वंश फोफावला. 1930च्या दशकात डॉन गेपन याने कॅनडाच्या निपिगॉन नदीवर ‘मडलर मिनो’ बांधली, तर 1967 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग याने ‘वूली बगर’. आज रॉकी पर्वतातल्या मॅडिसन नदीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विणीला वर सरकणाऱ्या ब्राउन ट्राउटसाठी लोक याच घराण्यातल्या माश्या घेऊन थंड पाण्यात उभे राहतात.

पण हाच हंगाम ब्लूबॅकला भोवला होता, हे विसरून चालणार नाही. म्हणून मेनच्या अनेक पाण्यांत शरदात मासेमारी बंद होते किंवा पकडलेला मासा लगेच सोडून द्यावा लागतो. जाणते लोक त्याच्याही पुढे जातात. नदीच्या तळाशी धुतल्यासारखी उजळ खडी दिसली की ती विणीची जागा समजून तिथे पाय ठेवत नाहीत आणि तिच्यावर जोडीने उभ्या माशांवर दोर टाकत नाहीत. मासा काय खातो हे पाहायला या कलेने अठराशे वर्षं शिकवलं. तो कधी खाण्यासाठी नव्हे तर वंशासाठी पाण्यात उभा आहे, हे ओळखणंही त्याच शिक्षणाचा भाग आहे, आणि शरदात गळ टाकणाऱ्याने ते आधी शिकायला हवं.