पोपटाच्या वाटीचा इतिहास

राजांच्या लढाया, तहनामे आणि वंशावळी यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. आज मी आपणापुढे मांडणार आहे तो इतिहास एका लहानशा वाटीचा आहे. पिंजऱ्याच्या तारेला अडकविलेली, चार दाणे आणि पेरूची एक फोड मावेल एवढी ती वाटी. पोपटाच्या पिल्लासाठी तीत काय घालावे, हा प्रश्न घरातील मुलांनीच सोडवावा इतका क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. आणि ते हाती आल्यानंतरही पुष्कळ घरांत अद्याप पोहोचलेले नाही. म्हणूनच वाटी काठोकाठ भरलेली असूनही पिंजऱ्यातील पाखरू झिजून मरते, आणि घरातली मंडळी हळहळून म्हणतात, ‘खाण्यापिण्याला काही कमी केले नव्हते हो!’

आपल्या देशात पोपट पाळण्याची हौस फार जुनी आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये शुकसारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला गणलेली आहे. कौटिल्याने तर राजवाड्यात पोपट व मैना ठेवावयास सांगितले, कारण सापाच्या विषाची शंका येताच हे पक्षी ओरडतात अशी त्या काळची समजूत होती. या पक्ष्याची कीर्ती परदेशीही गेली. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास क्टेसियस या ग्रीक वैद्याने हिंदुस्थानातील एका बोलक्या पक्ष्याचे वर्णन केले. तो आपल्या देशाची भाषा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असे तो लिहितो. पुढे रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या पक्ष्याविषयी लिहिताना दोन गोष्टी सांगितल्या. बोलावयास शिकविताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, ही पहिली. आणि मद्य पाजल्यास तो विशेष खेळकर होतो, ही दुसरी. आज आपण जाणतो की मद्य हे पाखराला सरळ सरळ विष आहे. रोमन गृहस्थाला मात्र ते कौतुक वाटले. आपल्याला जे प्रिय ते पोपटाच्या चोचीत घालावयाचे आणि तो नाचू लागला म्हणजे त्याला मानवले असे समजावयाचे, ही चूक इतकी जुनी आहे.

याच्या उलट, पिल्लाच्या आहाराचे एक अत्यंत डोळस वर्णन आपल्या वाङ्मयात आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ नावाची कथा लिहिली. तिचे नाव आपल्या मराठीने इतके आपलेसे केले की, आज आपण त्या साऱ्या वाङ्मयप्रकारालाच कादंबरी म्हणतो. या कथेचा मोठा भाग वैशंपायन नावाच्या पोपटाच्या तोंडून वदविला आहे. विंध्याटवीतील एका प्रचंड शाल्मली वृक्षाच्या ढोलीत त्याचा जन्म झाला आणि जन्मतःच आई वारली. बाप जराजर्जर, उडण्याचे त्राण त्याच्या पंखांत उरले नव्हते. तो म्हातारा दुसऱ्यांच्या घरट्यांतून गळालेल्या साळीच्या लोंब्यांतील दाणे आणि झाडाच्या बुंध्याशी पडलेले, इतर पोपटांनी कुरतडलेल्या फळांचे तुकडे वेचून आणी, पिल्लाला भरवी आणि उरलेले स्वतः खाई.

हे चित्र करुण आहे, पण नुसते करुण नाही. त्यात आहारशास्त्राचे बीज आहे. एका प्रकारचे धान्य नव्हे, तर दाणे आणि फळे; एकदाच भारंभार नव्हे, तर थोडे थोडे; आणि माणसाच्या स्वयंपाकघरातले नव्हे, तर त्या रानातले आणि त्या ऋतूतले. पुढे हाच पोपट विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारी येतो, तेव्हा राजा त्याला ‘काही खाल्ले की नाही?’ असे विचारतो. आपण जांभळाचा रस प्यालो, डाळिंबाचे दाणे फोडले आणि आवळेही खाल्ले, असे तो सांगतो. डाळिंब आणि पोपट ही तर आपल्या जुन्या काव्यातील ठरलेलीच जोडी. अमरुशतकातील एक नववधू, रात्रीचे एकांतातले बोलणे सकाळी वडीलधाऱ्यांसमोर बडबडणाऱ्या पोपटाचे तोंड बंद करण्यासाठी, कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीपुढे धरते.

आता एक गमतीचा प्रश्न विचारतो. पोपट काय खातो, असे आपल्या घरातील कोणत्याही मुलाला विचारा. ‘मिरची आणि पेरू’ असे उत्तर क्षणार्धात मिळेल. फार तर शेंगदाणे किंवा सूर्यफुलाचे बी यांची त्यात भर पडेल. परंतु बाणभट्टाच्या पोपटाला यांतील एकही जिन्नस ठाऊक नव्हता! मिरची, पेरू, भुईमूग आणि सूर्यफूल ही चारही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली त्या खंडाजवळच्या बेटांना लागला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या जुन्या मिरीवरून आपण तिला नाव दिले, आणि ती जणू वेदकाळापासून आपल्याच परसात होती अशा थाटात आपल्या स्वयंपाकात आणि राघूच्या पिंजऱ्यात शिरली. ज्याला आपण पोपटाचा परंपरागत आहार म्हणतो, त्याला पुरती पाच शतकेही झालेली नाहीत.

मिरचीने पोपटाची जीभ सुटते, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही. पाखराचा आवाज श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या इंद्रियातून निघतो. तिखटाचा त्याच्याशी संबंध नाही. तिखट लागून तो किंचाळत असेल, हेही खरे नव्हे. तिखटपणाची आग ज्या ग्राहकामुळे आपल्याला जाणवते तो पाखरांतही आहे. परंतु मिरचीतील तिखट द्रव्याने तो जागा होत नाही, असे डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोंबडीवरील संशोधनातून २००२ साली दाखविले. याच ज्यूलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तथापि मिरचीत, विशेषतः पिकलेल्या लाल मिरचीत, शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनविणारे द्रव्य विपुल असते. नुसत्या दाण्यांवर राहणाऱ्या पोपटाला नेमकी त्याचीच वाण पडते. तेव्हा आपल्या आजीबाई राघूला मिरची देत त्या बोलण्याच्या आशेने. राघूच्या पदरी पडे ते आरोग्य. हेतू एक, फळ निराळे!

जीवनसत्त्व हा शब्द आला, तेव्हा त्याचा जन्मही सांगितला पाहिजे, कारण तो पाखरांच्या वाटीतूनच झाला आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमान हा डच वैद्य बेरीबेरी रोगाच्या मागे लागला होता. प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. आणि काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेता कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला सडीक पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे त्याने साफ नाकारले. तेव्हा त्यांना पुन्हा साधा असडीक तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. कोंड्यातच काहीतरी जीवनावश्यक द्रव्य होते. पुढे कासिमिर फुंक याने १९१२ साली अशा द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचविले आणि १९२९ साली आइकमानला हॉपकिन्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा साऱ्या मानवजातीने कोंबड्यांपासून घेतला.

दुर्दैव असे की, कोंबड्यांना जो न्याय मिळाला तो पोपटाला मिळावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. कोंबडी अंडी देते. तिच्या खाद्याचा हिशेब व्यापारी ठेवतो. पोपट केवळ मन रमवितो. त्याचा हिशेब कोण ठेवणार? जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ऑस्ट्रेलियाहून चिमुकले बजरीगर जिवंत इंग्लंडात आणले आणि ते घरोघर पसरले. रानात ते गवताचे बी खातात, म्हणून त्यांना राळ्यासारखे कोरडे बी घालण्याचा परिपाठ पडला. रानात ते कोवळे, अर्धे कच्चे, नानाविध गवतांचे बी खातात आणि त्यासाठी कोसच्या कोस उडतात, ही गोष्ट मात्र विसरली गेली. कोरड्या बियांत ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम अत्यल्प असते, आणि सूर्यफुलाच्या बियांत तेलाचा भरणा फार. मूल जसे जेवण टाकून लाडूच मागते, तसा पोपट वाटीतून सूर्यफुलाचे बी तेवढे निवडून खातो. पाखराला आपले हित कळते, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. काही महिन्यांनी त्याचे नाक-डोळे वाहू लागतात, तोंडात पांढरे चट्टे पडतात, पिसांची कळा जाते.

शेंगदाण्याचीही एक कथा ऐकण्यासारखी आहे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीतून निघणाऱ्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्या दमट किनाऱ्यावर पावसाळ्यात ठेवणीतले शेंगदाणे पाखराला घालण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

पोपटाच्या पिल्लाचा पद्धतशीर विचार प्रथम झाला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत. तेथील रूडीबुश व ग्राऊ या संशोधकांनी कॉकाटीलची पिल्ले हाताने भरवून वाढविली आणि वाढत्या पिल्लाच्या अन्नात शेकडा सुमारे २० भाग प्रथिने असावीत, असे १९८६ साली प्रसिद्ध केले. अगदी लहान पिल्लाला अन्न फार पातळ लागते आणि वय वाढेल तसे ते दाट करावे लागते, हेही त्यांनी दाखविले. आज बाजारात मिळणारे, पिल्लांना भरवावयाचे पीठ आणि मोठ्यांसाठीच्या गोळ्या यांमागे अशाच प्रयोगांची पुण्याई आहे.

मग वाटीत काय घालावे? ज्यांच्या घरी पिंजऱ्यातच जन्मलेला बजरीगर, लव्हबर्ड किंवा कॉकाटील आहे, त्यांनी प्रथम हे पाहावे की पिल्लू स्वतः दाणे टिपून खाऊ लागले आहे की नाही. लागले नसेल तर ते विकत आणूच नये. चमच्याने भरविणे हे जाणत्याचे काम आहे. अन्न सुमारे ४० अंश सेल्सियसहून फार गरम झाले, तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. थंड झाले, तर ते तेथेच आंबते. आपण होऊन खाणाऱ्या पिल्लाला चांगल्या गोळ्यांचा मुख्य आहार असावा. त्यांच्या जोडीला गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, ताजे मोड आलेले मूग, आणि थोडेसे फळ. बी हा खाऊ समजावा, जेवण नव्हे. नवे अन्न एकदम लादू नये. जुन्यात थोडे थोडे मिसळावे आणि रोज सकाळी लहान काट्यावर पाखराचे वजन पाहावे. दूधपोळी देऊ नये. पाखराला दूध पचत नाही. चहा, कॉफी, चॉकलेट, खारट पदार्थ आणि अव्होकॅडो यांना तर पिंजऱ्याजवळही येऊ देऊ नये.

आणि आपल्या रानातला हिरवा राघू? त्याच्या पिल्लाला सर्वांत उत्तम अन्न कोणते, याचे उत्तर बाणभट्टानेच दिलेले आहे: त्याच्या आईबापांनी आपल्या चोचीने भरविलेले. रानातले पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज गुन्हा आहे. तरीही हिवाळा सरता सरता झाडांच्या ढोलींत हात घालून पिल्ले काढली जातात आणि टोपलीत दडपून बाजारात आणली जातात. त्यांतील एखादे दयेपोटी विकत घेणारा गृहस्थ दुसऱ्या ढोलीत हात घालावयास उत्तेजन देत असतो. एखादे पिल्लू खाली पडलेले आढळले, तर ते वनखात्याच्या अथवा पक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन करावे.

वाटीच्या या साऱ्या इतिहासाचे सार एकच आहे. रोमन गृहस्थाने पोपटाला मद्य दिले आणि आपण दूधपोळी दिली. दोघांच्याही मनात प्रेमच होते. पण प्रेमाने दिलेले ते सारे पथ्याचे असतेच असे नाही. पाखराला काय हवे हे ज्यांनी आपल्या जिभेला न विचारता त्या पाखरालाच विचारले, त्याच्या रानाकडे, त्याच्या वजनाकडे आणि त्याच्या पिसांकडे पाहिले, त्यांनाच उत्तर सापडले. उद्या सकाळी पिंजऱ्याची वाटी धुताना तीत शिल्लक काय राहिले आहे, एवढे जरी आपण नीट न्याहाळले, तरी या इतिहासाचा उपयोग झाला असे मी समजेन.