जाऊ द्या ना साहेब!

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं मित्र क्लायंबिंगसाठी मनालीला निघालो होतो. पहाटेचं दिल्लीचं विमान. चेक-इन काउंटरवर माझी सॅक भरली साडेसतरा किलो, आणि तिकिटावर परवानगी पंधराची. वरच्या अडीच किलोंचे जे पैसे सांगितले ते ऐकून माझ्यातला मध्यमवर्गीय मराठी माणूस खडबडून जागा झाला. बाजूला जाऊन सॅक उघडली, जड जड वस्तू काढल्या आणि हॅन्डबॅगेत कोंबल्या. डझनभर कॅराबिनर, डिसेंडर आणि एक हातोडी.

ही हातोडी पिटॉन ठोकायची. आमच्या क्लबातल्या एका काकांची. गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर त्यांनी ती मला दिली होती. लाकडी दांडा त्यांच्या तळव्याने घासून गुळगुळीत झालेला, त्यावर त्यांच्या हाताने गुंडाळलेली सुतळी. लिंगाण्याला आणि तैलबैल्याला तिने किती पिटॉन ठोकले असतील याचा हिशेब नाही.

सिक्युरिटीत बॅग एक्स-रे मशीनमध्ये गेली, थांबली, मागे गेली, परत पुढे आली. मला तेव्हाच कळलं. जवानाने हातोडी बाहेर काढली आणि शांतपणे म्हणाला, "ये नहीं जाएगा सर. चेक-इन में डालना पडेगा." घड्याळात बघितलं. काउंटर बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. मग मी ते केलं जे आपण सगळेच करतो. "जाने दीजिए ना सर. ट्रेकिंग का सामान है. फ्लाइट निकल जाएगी." एकदा नाही, चार वेळा. आवाज आधी मऊ, मग चढा. शेवटी "हातोडीने कोण विमान पळवतो?" असंही बोलून गेलो. मागे पन्नास माणसांची रांग चुळबुळत होती. जवान हलला नाही. हातोडी त्या प्लॅस्टिकच्या टबात गेली, नेलकटर, लायटर आणि एका लहान मुलाच्या खेळण्यातल्या पिस्तुलाच्या शेजारी.

मनालीचा आठवडा मस्त गेला, पण डोक्यातून तो टब जाईना. परत आल्यावर दोन वीकएंड बसून मी या नियमांचा इतिहास वाचून काढला. आमच्या धंद्यात एक सवय असते. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की लगेच ती उडवायची नाही. आधी बघायचं, ही ओळ कोणी, कधी आणि कुठला बग आल्यावर घातली. म्हटलं, इथेही तेच करून बघू.

मंडळी, पहिलं आश्चर्य म्हणजे सुरुवातीला काहीच नव्हतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत माणूस एस.टी.त चढावा तसा विमानात चढायचा. ना मेटल डिटेक्टर, ना एक्स-रे. १९६१च्या मे महिन्यात फ्लोरिडातलं एक छोटं विमान एकाने चाकू-पिस्तुलाच्या धाकाने क्युबाला नेलं आणि मग रांगच लागली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत विमान पळवण्याचे शंभरहून जास्त प्रकार झाले. कळस म्हणजे २४ नोव्हेंबर १९७१. डी. बी. कूपर या नावाने ओळखल्या गेलेल्या माणसाने बॅगेत बॉम्ब असल्याचं सांगून दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागून घेतली आणि बोइंग ७२७च्या मागच्या जिन्यातून रात्री पावसात उडी मारली. तो आजपर्यंत सापडलेला नाही. पळवापळवीच्या इतिहासात खेळाचं साहित्य येतं ते असं, पॅराशूटच्या रूपात :)

एवढं होऊनही विमान कंपन्या तपासणीच्या विरोधात होत्या. गिऱ्हाईक वैतागेल, खर्च वाढेल, रांगा लागतील. शेवटी नोव्हेंबर १९७२मध्ये तिघांनी एक विमान पळवून ते टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे सरकारचा धीर सुटला. ५ जानेवारी १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. आज आपण ज्या रांगेत उभे राहतो तिची जन्मतारीख साधारण ही.

आपल्याकडची गोष्ट तर अजून भारी आहे. ३० जानेवारी १९७१ला इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना दोन तरुणांनी लाहोरला नेलं. प्रवाशांना सोडलं आणि विमान जाळलं. नंतर कळलं की त्यांचं पिस्तूल नकली होतं आणि हातबॉम्ब लाकडाचा. त्या लाकडाच्या तुकड्याचे परिणाम मात्र खरे होते. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली, आणि पूर्व पाकिस्तानकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना श्रीलंकेमार्गे लांबचा वळसा पडू लागला. त्याच वर्षअखेर युद्ध झालं.

आणि आता ऐका. २० डिसेंबर १९७८. लखनौहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी वाराणसीला नेलं. मागणी काय, तर इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा. हत्यारं काय, तर खेळण्यातली पिस्तुलं आणि कापडात गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू. तो चेंडू हातबॉम्ब म्हणून दाखवला होता! १९८०मध्ये दोघंही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशात आमदार झाले, ते वेगळंच.

मला त्या टबातलं खेळण्यातलं पिस्तूल आठवलं. तेव्हा मी मनात हसलो होतो, की काय मूर्खपणा आहे, प्लॅस्टिकच्या पिस्तुलाला घाबरतात. पण तीस हजार फुटांवर पिस्तूल खरं की खोटं हे तपासून कोण बघणार? वैमानिकाला खरंच धरून चालावं लागतं. म्हणजे ही अट मूर्खपणाची नव्हती. तिच्या मागे एक गोष्ट होती, मला माहीत नव्हती एवढंच.

बॅटचंही तसंच. भारतात क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी केबिनमध्ये नेता येत नाही. ऑफिसच्या टुर्नामेंटला जाताना यावर प्रत्येक टीममध्ये एकदा तरी भांडण होतं. अमेरिकेत हे उलटं करून बघायचा प्रयत्न झाला होता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यापर्यंत तिथे चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात चालायचा. त्यानंतर सगळंच बंद झालं. मग मार्च २०१३मध्ये तिथल्या टी.एस.ए.ने जाहीर केलं, की २५ एप्रिलपासून लहान चाकू, हॉकी स्टिक, बिलियर्डच्या काठ्या, स्कीच्या काठ्या आणि दोन गोल्फच्या काठ्या केबिनमध्ये चालतील. त्यांचं म्हणणं, कॉकपिटचं दार आता भक्कम आहे, चाकूने विमान पळवता येणार नाही, आम्हाला बॉम्ब शोधायला वेळ हवा. तर्क बिनतोड वाटतो ना? पण हवाई सुंदरी आणि केबिनमधले बाकी कर्मचारी भडकले. दाराच्या आत वैमानिक सुरक्षित आहे हो, पण दाराच्या बाहेर आम्ही आहोत, आमचं काय? ५ जूनला टी.एस.ए.ने बेत गुंडाळला. मी विचारलेल्या 'हातोडीने कोण विमान पळवतो?' या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. विमान कोणी पळवणार नाही. पण बंद नळीत दोनशे माणसं बसलेली असताना एकाच्या हातात हातोडी असणं पुरेसं वाईट आहे.

आता थोडं मशीनबद्दल, कारण त्याशिवाय राहवत नाही. बॅगेचा एक्स-रे दोन वेगवेगळ्या ऊर्जांनी काढतात आणि त्यावरून वस्तू कशाची आहे याचा अंदाज रंगात दाखवतात. धातू निळा. कापड, कागद, अन्न, लाकूड हे सेंद्रिय प्रकार नारिंगी. मधलं हिरवं. किरण आरपार जात नसतील तिथे काळं. गोची अशी, की स्फोटकंही बहुतेक नारिंगीच दिसतात. म्हणजे आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा, नायलॉनच्या रोपचं वेटोळं आणि नको ती वस्तू यांचा रंग एकच. त्यात रोपच्या खाली कॅराबिनरचा जुडगा ठेवला तर पडद्यावर फक्त एक गडद गोळा. बॅग मागे-पुढे नाचवली जाते ती यासाठी.

इथपर्यंत वाचताना मला मजा येत होती. पुढचं वाचताना आली नाही.

जून १९८५. कॅनडातलं व्हँकुव्हर. एम. सिंग नावाने तिकीट काढलेला एक माणूस काउंटरवर आला. त्याला टोरोंटोमार्गे एअर इंडियाने दिल्लीला जायचं होतं, पण टोरोंटोच्या पुढचं तिकीट पक्कं नव्हतं, वेटिंग लिस्टवर होतं. त्याचा हट्ट होता, की बॅग थेट दिल्लीपर्यंत लावा. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, असं करता येत नाही. तो हुज्जत घालत राहिला. मागे रांग वाढत होती. शेवटी त्यांनी बॅग घेतली.

तो माणूस विमानात चढलाच नाही. बॅग गेली. टोरोंटोला एअर इंडियाच्या सामानाचं एक्स-रे मशीन मध्येच बंद पडलं, म्हणून उरलेल्या बॅगा हातातल्या यंत्राने तपासल्या गेल्या. २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१,००० फुटांवर 'कनिष्क'चा स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. बहुतेक भारतीय वंशाचे कॅनेडियन, सुट्टीला घरी निघालेले, त्यात ऐंशीहून जास्त मुलं. त्याच्या तासभर आधी टोकियोच्या नारिता विमानतळावर तशीच दुसरी बॅग फुटली होती. तीही व्हँकुव्हरहूनच निघालेली, तिचाही मालक विमानात नव्हता. सामान हलवणारे दोन कामगार तिथे मरण पावले.

त्या काउंटरवरच्या बाईंना दोष द्यायची माझी हिंमत नाही. रोज शंभर माणसं त्यांच्याशी हुज्जत घालत असतील आणि शंभरच्या शंभर साधी असतील. माझ्यासारखीच. मी त्या पहाटे जवानाला जे म्हणत होतो ते आणि तो माणूस काउंटरवर जे म्हणत होता ते, ऐकणाऱ्याच्या बाजूने एकच आहे. घाईत असलेला एक प्रवासी, मागे रांग, आणि 'जाऊ द्या ना'. आत काय आहे हे फक्त बोलणाऱ्याला माहीत. हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

यानंतर 'प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही' हा नियम जगभर कडक होत गेला. भारतात १९७८पासून डी.जी.सी.ए.मधला एक विभाग असलेलं बी.सी.ए.एस. १ एप्रिल १९८७ला स्वतंत्र खातं झालं. आपल्याकडे मग विमानाच्या शिडीजवळ सामान मांडून ठेवायचे आणि प्रत्येकाने आपली बॅग बोटाने दाखवायची. ज्येष्ठांना विचारा, आठवत असेल. पण पॅच निघाला म्हणजे तो सगळीकडे बसवला जातोच असं नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कोणी सांगायला नको. २१ डिसेंबर १९८८ला लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान फुटलं, २७० माणसं गेली, आणि तेव्हाही बॉम्ब होता तो मालकाशिवाय प्रवास करणाऱ्या बॅगेतच. आपल्याकडे डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं आय.सी. ८१४ कंदाहारला गेलं आणि मग ३ फेब्रुवारी २०००पासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांवर सी.आय.एस.एफ. आलं. ऑगस्ट २००६मध्ये लंडनचा द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला, म्हणून शंभर मिलीलिटरचा नियम. प्रत्येक ओळीला एक तारीख आहे.

सगळेच नियम कायम राहतात असंही नाही बरं का. हॅन्डबॅगेच्या टॅगवरचा तो शिक्का, जो नसला की गेटवरून परत पाठवायचे, तो १ एप्रिल २०१७पासून मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर बंद झाला. कॅमेरे आले, गरज संपली. त्यामुळे नियमांवर प्रश्न विचारूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जरूर विचारा. फक्त पहाटे पाच वाजता, रांगेत, समोरच्या जवानाला नको.

कामाचं थोडं, क्लायंबिंगवाल्यांसाठी. हातोडी, आईस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, चाकू चेक-इनमध्ये, टोकांना जाड कापड गुंडाळून. गॅसचं कॅनिस्टर कुठेच नाही, पोचल्यावर विकत घ्या. पॉवर बँक उलट केबिनमध्येच, कारण पोटातल्या सामानात आग लागली तर विझवायला कोणी नसतं. चॉकची पावडर पारदर्शक पिशवीत, वर ठेवा. आणि वजन घरीच करा, अडीच किलोंसाठी माझ्यासारखं करू नका.

राहता राहिली हातोडी. आल्या आल्या काकांना फोन करायची हिंमत नव्हती. पंधरा दिवसांनी घरी गेलो आणि सगळं सांगितलं, रांग, जवान, माझं भांडण. काका बराच वेळ गप्प बसले. वाईट त्यांना वाटलंच, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाले, "तुला पहिल्यांदा बिले द्यायला उभा केला होता तेव्हा काय सांगितलं होतं?"

सांगितलं होतं, की चढणाऱ्याची गाठ प्रत्येक वेळी हात लावून तपासायची. तो वीस वर्षं चढत असला तरी. तो "अरे बघितलीय मी, चल" म्हणाला तरी. मीही म्हणालो. काकांनी मान हलवली, आणि आत काकूंना चहा टाकायला सांगितला.