रबराची धांव आणि ओझ्याची गाडी

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार जी तापलेली लोखंडी पट्टी चढवितो, तिला मराठींत धांव म्हणतात. ही धांव चाकाला आंवळून धरते व झिजण्यापासून वांचविते. परंतु गाडी वळविण्याचें काम तिचें नव्हे, तें बैलांचें. मोटार आली आणि बैल गेले. तेव्हां गाडी वळविण्याचें, थांबविण्याचें व वाटेवर टिकवून धरण्याचें सारें काम चाकाच्या धांवेवरच येऊन पडलें. लोखंडाला तें पेलण्यासारखें नव्हतें. रबराला तें पेलूं लागलें, पण त्यासाठीं शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर याला असें आढळलें, कीं गंधक मिसळून तापविलेलें रबर उष्णतेनें चिकट होत नाहीं व थंडीनें तडकतहि नाहीं. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश गृहस्थानें हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. रबर चढविलेल्या कापडाची नळी आंत आणि चामड्याचें वेष्टन बाहेर, अशी त्याची रचना होती. १८४७ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें तशा चाकांची गाडी धांवली. पण त्या काळीं घोडागाडीला एवढ्या महागड्या चाकाची निकड भासली नाहीं, आणि कल्पना विसरली गेली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीवर केलेल्या प्रयोगांतून तोच शोध स्वतंत्रपणें पुन्हां लावला. या वेळीं मात्र सायकलींचा सुकाळ होता. त्यामुळें हवेच्या टायरला जग मिळालें.

हलक्या गाड्यांचा प्रश्न असा सुटला. ओझ्याच्या गाड्यांचा सुटेना. मोठ्या भाराखालीं हवेचा टायर फुटे. म्हणून ट्रकांना भरीव रबराचे टायर बसवीत. ते फुटत नसत, पण धक्काहि सोसत नसत. गाडी खिळखिळी होई, रस्ता उखडे आणि ओल्या फरसबंदीवर चाक घसरे. १९१७ सालीं गुडइयर कंपनीनें हवेच्या टायरांचा एक ट्रक ॲक्रनहून बोस्टनला धाडला. पहिल्या खेपेस टायर पुनःपुन्हां फुटले. परंतु तीच खेप चालूं ठेवून टायर सुधारण्यांत आले. १९१९ सालीं अमेरिकन सैन्याचा मोटारतांडा वॉशिंग्टनहून सान फ्रान्सिस्कोस गेला, त्याला दोन महिने लागले. त्या तांड्यांत आयझेनहॉवर हे तरुण अधिकारीहि होते. त्यांनीं पुढें राष्ट्राध्यक्ष या नात्यानें देशभर महामार्ग बांधविले. रस्ता आणि टायर यांची प्रगति अशी हातांत हात घालून झाली.

टायर गाडीला वळवितो तरी कसा? जमिनीला टेंकलेला त्याचा भाग जेमतेम तळहाताएवढा, जड गाडींत थोडा अधिक. सुकाणू फिरविलें, कीं तो भाग जमिनीला धरून राहूं पाहतो, वरचें चाक वळतें आणि रबर पिळलें जातें. या पिळामुळें चाक ज्या दिशेस तोंड करून असतें, नेमकें त्याच दिशेस जात नाहीं. किंचित् तिरकें जातें. हा तिरकसपणा म्हणजे दोष नव्हे. त्यांतूनच गाडीला वळविणारें बल निर्माण होतें. १९२५ सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज ब्रूलिये यानें ही गोष्ट मांडली, आणि पुढील दशकांत अमेरिकेंत मॉरिस ऑली यानें तिच्यावरून गाडीच्या स्वभावाचें शास्त्र उभें केलें. पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक तिरकीं जाऊं लागलीं, तर गाडी वळणाबाहेर ओढली जाते. चालकाला तें कळतें आणि वेग कमी करून तो सांवरतो. मागचीं चाकें अधिक तिरकीं जाऊं लागलीं, तर मात्र शेंपूट पुढें येऊं पाहतें, आणि सांवरण्यास क्षणभराचाहि अवधि उरत नाहीं.

ही गोष्ट जिवावरची आहे, हें पुढच्या शोधानें दाखविलें. १९४६ सालीं मिशलँ कंपनीनें नव्या टायरचें पेटंट घेतलें. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदीत. नव्यांत ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेले, आणि वरून पोलादी तारांचा पट्टा आला. त्याची पकड घट्ट होती. परंतु कोणी हे नवे टायर फक्त पुढें बसवून जुने मागें ठेवले, तर पुढचीं चाकें झट्कन् वळत आणि मागचीं फरफटत. वस्तु उत्तम, पण जागा चुकलेली, म्हणून घातक.

हाच धडा जड पिकअप ट्रकाला आजहि लागू आहे. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं कारखान्यांतूनच तयार पिकअप विकावयास काढला. त्याचे आजचे जड वंशज ओझें असतां एक गाडी असतात आणि रिकामे असतां दुसरी. कारण ओझें उतरलें, कीं मागचीं चाकें हलकीं पडतात. अशा गाडीला मऊ बाजूंचे टायर घातले, तर भार चढतांच ती डोलूं लागते. म्हणून भार पेलणारे ताठ टायर आणि भाराजोगा हवेचा दाब, दोन्ही हवेत. नव्या टायरचे रबराचे उंच ठोकळे कोरड्या रस्त्यावर थोडे लवतात. त्यामुळें सुकाणू पहिले कांहींशें मैल सैल वाटतें. झिजलेला टायर उलट कोरड्यांत तडफदार भासतो, पण पावसांत फसवितो. १९६३ सालीं नासा संस्थेच्या वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनीं विमानांच्या चाकांवरून दाखविलें, कीं विशिष्ट वेगानंतर चाक पाण्यावरच तरंगूं लागतें, आणि आंतील दाब कमी असेल तर हा वेगहि कमी असतो. पाण्याला वाट देतात त्या टायरवरील खोल खांचा, आणि झिजेनें नाहींशा होतात त्याहि याच.

म्हणून दोनच टायर नवे घेतले, तर ते मागें बसवावे, असें टायरतज्ज्ञ सांगतात. सुकाणू पुढें असल्यामुळें नवें तें पुढें, असें सामान्य माणसाचें मन सांगतें. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची घसर चालकाला आधीं जाणवते. मागची जाणवेपर्यंत गाडी फिरलेली असते. बैल गेल्यावर वाट धरून ठेवण्याचें ओझें ज्या धांवेवर आलें, ती कोठें बसवावी हेंहि माणसाला शिकावें लागलें.