शिफारशीकडून स्पर्धेकडे



लष्करात अधिकारी होण्यास मोठ्या घराचे वजन लागते, असे आपल्या यवतमाळ, पुसद, वणीकडे अजून ऐकू येते. या समजुतीमागे इतिहास आहे. १९१८ साली इंग्रज सरकारने विलायतेतील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा ठेवल्या. निवड शिफारशीने होई आणि खर्चही भारी असे. गरिबाचा मुलगा तेथे पोचणार कसा?

१९३२ मध्ये डेहराडूनची लष्करी अकादमी निघाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते. त्यांपैकी १५ खुल्या स्पर्धेतून, १५ फौजेतील शिपायांतून व १० संस्थानी फौजांतून आले. दार किलकिले झाले. त्याच वर्षी आझमगढ जिल्ह्यातील बीबीपूरचे मोहम्मद उस्मान सँडहर्स्टला दाखल झाले. ते एका पोलीस अधिकाऱ्याचे चिरंजीव. पुढे ब्रिगेडिअर उस्मान यांनी नौशेराचे रक्षण केले आणि ३ जुलै १९४८ रोजी देशासाठी प्राण दिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

१९५५ च्या जानेवारीत आपल्याच राज्यात, खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्‌घाटन झाले. तेथील प्रवेशपरीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. गणितास ३००, सामान्य क्षमतेस ६०० आणि निवड मंडळापुढील चाचण्या व मुलाखतीस ९०० गुण असतात. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळतो.

मग आपली मुले मागे का? बहुतेक घरी चौकशी बारावीनंतर सुरू होते. निम्मे गुण धिटाई, संभाषण आणि चौघांत मिळून काम करण्याच्या सवयीला आहेत. ती सवय महिन्याभरात लागत नाही. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये दुसरी निघाली. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतून व उर्दूतूनही देता येते. दहावीनंतर मुलांना दोन वर्षे तयार करणारी शासकीय संस्था १९७७ साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन झाली. खडकवासल्याच्या प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी व हिंदीत असतात, म्हणून भाषेची तयारी लवकर हवी.

पालकहो, आता शिफारस लागत नाही, वेळेवर भरलेला अर्ज लागतो. मुलगा किंवा मुलगी पाचवीत असतानाच शिक्षकांना भेटा. सहा वर्षांनी केलेली धावपळ कामी येणार नाही.