खेपा वाचवण्याचा इतिहास

संकेतस्थळ उघडायला वेळ लागला की आपण म्हणतो, नेटला स्पीड नाही. मग दुकानात जाऊन मोठा प्लॅन घेतो. तरीही मुरुड-श्रीवर्धनकडे सातबारा नाहीतर परीक्षेचा निकाल बघायला बसले, की पडद्यावरचे ते गोल चक्र फिरतच राहते. याचे मोठे कारण संगणक एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्या नियमांत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, दडलेले असते. हे नियम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कसे बदलत गेले, ती हकिगत मी आज सांगणार आहे.

त्यासाठी आपल्या किनाऱ्यावरचेच उदाहरण घेऊ. रेवस ते भाऊचा धक्का ही लाँचची वाट सगळ्यांच्या परिचयाची आहे. समजा, रेवसच्या एका दुकानदाराला मुंबईहून पन्नास जिन्नस आणायचे आहेत. लाँच मोठी असेल तर तिच्यात जास्त माल मावेल, हे खरे. पण एका खेपेला एकच जिन्नस मागवायचा असा नियम असेल, तर लाँच कितीही मोठी असो, खेपा पन्नास होणारच. आपण पैसे मोजून घेतो तो मोठा प्लॅन म्हणजे मोठी लाँच. खेपेला लागणारा वेळ ही निराळी गोष्ट आहे.

हा वेळ एका मर्यादेखाली आणता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन पंचवीस हजार. म्हणजे एका खेपेला निदान सेकंदाचा आठवा भाग लागणारच. प्रत्यक्षात वाट वाकडीतिकडी असल्याने तो याहून जास्तच लागतो. तेव्हा माणसाच्या हाती उरते ते एवढेच, की खेपा कमी करणे. एचटीटीपी या नियमावलीचा इतिहास हा बहुतांशी या खेपा वाचवण्याचा इतिहास आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. १९९१ मधला त्यांचा पहिला नियम अगदी साधा होता. एका ओळीत पान मागायचे, पान आले की जोडणी बंद. नुसत्या मजकुरासाठी तेवढे पुरत होते. पण १९९३ मध्ये मोझॅक नावाचा ब्राउझर आला आणि मजकुराच्या मध्येच चित्रे दिसू लागली. आता एका पानासोबत दहा-वीस चित्रे, आणि प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी! नव्या जोडणीत आधी 'ऐकू येतंय का?' 'येतंय, बोला' अशी विचारपूस होते. त्यातच एक खेप खर्ची पडते, आणि मागणीची खेप त्यानंतर. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज निघाला, तोही याच पद्धतीचा. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपली सुरुवात याच हेलपाट्यांच्या काळातली.

१९९७ मध्ये १.१ ही आवृत्ती आली आणि १९९९ मध्ये ती सुधारली गेली. तिने एकदा झालेली जोडणी उघडीच ठेवण्याचा प्रघात पाडला. पण रांग मात्र राहिली. पुढची मोठी फाइल अडली, की मागच्या लहान फायलींना ताटकळावे लागे. मग ब्राउझर एकाच संकेतस्थळाकडे सहा-सहा जोडण्या उघडू लागले. संकेतस्थळे बनवणारे लहान चित्रे एकाच मोठ्या चित्रात चिकटवू लागले. या सगळ्या पळवाटाच होत्या, आणि जवळजवळ सोळा वर्षे वेब त्यांच्यावरच चालली.

२००९ मध्ये गुगलने स्पीडी नावाचा प्रयोग जाहीर केला. त्यातूनच मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ तयार झाला. यात एकाच लाँचमध्ये सगळ्यांचा माल भरतात आणि प्रत्येक पुडक्यावर ते कोणाचे याची चिठ्ठी असते. रांग मोडली. पण खाली टीसीपी हा जुनाच नियम होता. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेला हा नियम फार विश्वासू. तो प्रत्येक पुडके क्रमानेच हाती देतो. त्यामुळे वाटेत एक पुडके हरवले, तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पुडकी, मग ती कोणाचीही असोत, धक्क्यावर पडून राहतात. चांगल्या तारेवर पुडकी क्वचितच हरवतात. मोबाइलच्या कमकुवत सिग्नलवर मात्र ती नेहमी हरवतात.

मग टीसीपीच का बदलला नाही? कारण तो संगणकांच्या मूळ प्रणालीत मुरलेला आहे. शिवाय वाटेतली अनेक यंत्रे अनोळखी नियमाचे पुडके दिसले की ते फेकून देतात. म्हणून गुगलच्या अभियंत्यांनी १९८० पासून चालत आलेल्या यूडीपी या अगदी साध्या नियमाचा आधार घेतला आणि त्यावर २०१२-१३ च्या सुमारास क्विक हा नवा नियम रचला. जगभरच्या अभियंत्यांनी तो पारखून घेतला. मे २०२१ मध्ये क्विक आणि जून २०२२ मध्ये त्यावर चालणारा एचटीटीपी ३ प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला.

यात हरवलेले पुडके ज्याचे असेल त्यालाच थांबावे लागते. पूर्वी सुरक्षित जोडणीसाठी पहिल्या मागणीआधी तीन खेपा पडत. एक विचारपुशीची आणि दोन कुलूप-किल्लीच्या. क्विकमध्ये हे सारे एका खेपेत उरकते. ओळखीच्या ठिकाणी दुसऱ्यांदा गेलात तर तीही लागत नाही. घरचे वायफाय सोडून वाडीत गेलात आणि फोन मोबाइलच्या जाळ्यावर आला, तर जोडणी न तोडता पुढे नेण्याचीही सोय यात आहे.

या सगळ्याचा फायदा कोणाला? २०१७ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी क्विकचा अनुभव एका निबंधात मांडला. दक्षिण कोरियात एका खेपेला सरासरी ३८ मिलिसेकंद लागत, भारतात १८८. क्विकमुळे संगणकावरचा शोधाचा विलंब कोरियात एका टक्क्याच्या आसपास घटला, भारतात सुमारे १३ टक्के. मोबाइलवर व्हिडिओ मध्येच अडकण्याचे प्रमाण भारतात सुमारे २० टक्क्यांनी उतरले. खेप जितकी लांब आणि वाट जितकी खराब, तितकी खेप वाचवण्याची किंमत मोठी. मोठ्या प्लॅनचा लाभ जिथे चांगली तार पोचली आहे तिथे आधी मिळतो. चांगल्या नियमाचा लाभ मात्र खाडीपलीकडच्या माणसाला जास्त मिळतो. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

अर्थात नियम म्हणजे मनोरा नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले. सिग्नलच नसेल तिथे कोणता प्रोटोकॉल काय करणार? शिवाय नवा नियम दोन्ही टोकांना हवा. फोनमधला ब्राउझर तयार असतो, पण पलीकडचा सर्व्हर जुन्याच पद्धतीने बोलत असेल, तर वाचलेल्या खेपा पुन्हा अंगावर येतात.

म्हणून पंचायतीचे, शाळेचे, बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे संकेतस्थळ करून घेताना कंत्राटदाराला दोन प्रश्न जरूर विचारावेत. सर्व्हर एचटीटीपी ३ ने बोलतो का? आणि पान उघडायला किती फायली मागवाव्या लागतात? कंत्राटदाराने मुंबईच्या कार्यालयात पान झटकन उघडून दाखवले, तर त्यावर विसंबू नये. श्रीवर्धनला, एक-दोन काड्यांच्या सिग्नलवर, साध्या फोनवर ते उघडून बघावे आणि मगच बिलावर सही करावी.